गेम फुल प्राइसला कधी घ्यायचा, कुठला घ्यायचा आणि कुठला अजिबात नाही

गेमिंगमधे नवीन आलेल्या माणसाला सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे "फुल प्राइस कधीच द्यायची नाही, सेल येतोच". हा सल्ला अर्धाच खरा आहे. सेल येतो हे बरोबर, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात तर दर सीझनला एक मोठा सेल असतोच, पण काही गेम असे असतात की सेल येईपर्यंत त्यातली निम्मी मजा निघून गेलेली असते, काहींवर सेल कधी लागतच नाही, आणि काही मात्र लाँचच्या दिवशी घेतले तर सगळ्यात जास्त पैसे देऊन सगळ्यात कच्चा माल पदरात पडतो. आता समोरचा गेम यातल्या कुठल्या बाजूचा आहे हे नवीन माणसाने ओळखायचं कसं, त्यासाठी हे सगळं लिहितोय.

मुद्दा दोन प्रश्नांचा आहे. थांबलो तर माझं काय जाईल? आणि आत्ता घेतला तर मला काय कमी मिळेल? पहिल्याचं उत्तर "बरंच काही" आणि दुसऱ्याचं "काहीच नाही" असं येत असेल तर बिनधास्त पूर्ण किंमत द्या. दोन्हीपैकी एक जरी गडबडलं तर विशलिस्टमधे टाका आणि पुढे चला. आणि हो, पूर्ण किंमत म्हणजे फक्त मोठ्या कंपन्यांची मोठी किंमत नाही, एकट्या माणसाने बनवलेला छोटा गेम सेलशिवाय घेतला तरी ती पूर्ण किंमतच झाली, आणि बऱ्याचदा तिथेच पैसे सगळ्यात जास्त वसूल होतात.

पायरी १. आज घेतला तर आजच सुरू करणार का?

हे सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त लोक हेच विसरतात. आधीचा मोठा गेम अर्धवट पडलाय, तो संपवायचाय, मग हा सुरू करणार, असं असेल तर आज घ्यायचं काहीही कारण नाही. तुम्ही तिकडे पोचेपर्यंत किंमत तरी उतरलेली असेल नाहीतर दोन-चार पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, तरी येऊन गेलेले असतील. हाऊ लाँग टू बीट नावाची साइट आहे, तिथे कुठल्याही गेमला साधारण किती तास लागतात ते खेळणाऱ्यांनीच भरलेलं असतं, घ्यायच्या आधी तिथे एकदा बघाच. पर्सोना ५ रॉयलसारखा गेम १०० तास सहज खातो, आठवड्याला पाच-सहा तास मिळत असतील तर हिशेब तुम्हीच करा.

पण तासांचा आकडा बघून गेमची लायकी ठरवू नका, हे मनापासून सांगतो. "इतक्या पैशात फक्त १२ तास?" असं म्हणणारे लोक खूप भेटतील. मोठ्या मॅपवर पन्नास ठिकाणी तेच काम पन्नास वेळा करायला लावणारा गेम ८० तासांचा असतो आणि त्यातले साठ तास तुम्हाला दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. त्याउलट पोर्टल हा २००७ चा गेम तीन-चार तासात संपतो, आणि आजही लोक त्यातली एकेक कोड्याची खोली सांगतात. तास फक्त तुमच्या वेळेचं गणित जमवायला वापरा.

पायरी २. गेमची जात ओळखा

इथे जरा वेळ द्या, कारण निर्णय खरा इथेच होतो.

पहिला प्रकार म्हणजे थांबलं की नुकसान होतं असे गेम. यात सगळ्यात वर ते गेम ज्यात शोध लावण्यातच मजा आहे. एल्डन रिंग फेब्रुवारी २०२२ मधे आला तेव्हा पहिले काही आठवडे कुणालाच काही माहीत नव्हतं, खेळणारे एकमेकांसाठी जमिनीवर मेसेज सोडून जायचे, "पुढे धोका", "इथे भिंत खोटी आहे", त्यातले निम्मे खरे निम्मे फसवणारे, आणि सगळे मिळून ते जग उलगडत होते. आज तो गेम तेवढाच चांगला आहे, मेसेज आजही दिसतात, पण प्रत्येक बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूची, ट्रिक तीन क्लिकवर आहे आणि शेवट कुणीतरी कमेंटमधे सांगून टाकलेलाच असतो. कथेवर चालणाऱ्या गेमचं पण हेच, स्पॉयलरपासून तुम्ही किती दिवस पळणार?

मित्रांबरोबरचे गेम पण यातच येतात. तुमचे तीन मित्र आज हेलडायव्हर्स २ खेळतायत, चार जणांचं पथक असतं, आणि तुम्ही सहा महिन्यांनी सेलमधे घेतला तर तोवर ते तिघं दुसऱ्याच गेमवर गेलेले असतात. फायटिंग गेमचं तर अजूनच स्पष्ट आहे. स्ट्रीट फायटर ६ सारखा गेम आला की पहिल्या महिन्यात समोरचा पण शिकतच असतो त्यामुळे हरण्यात पण मजा येते, दोन वर्षांनी ऑनलाइन जे उरलेले असतात ते बहुतेक मुरलेले असतात आणि नवीन माणूस चार मॅचमधे वैतागून सोडतो.

दुसरा प्रकार, थांबलं की फायदा. एकट्याने खेळायचे, मोठ्या प्रकाशकांचे, ओपन वर्ल्ड टाइप, म्हणजे मोठ्या मॅपवर मोकळं फिरायचे गेम बहुतेक यात येतात, यांच्या किमती पहिल्या वर्षातच उतरायला लागतात. शिवाय नंतर "कम्प्लीट" किंवा "डेफिनिटिव्ह" नावाने सगळे डीएलसी, म्हणजे नंतर आलेले जादा भाग, एकत्र मिळतात. पर्सोना ५ चं उदाहरण घ्या, मूळ गेम घेतलेल्यांना नंतर रॉयल आवृत्ती हवी असेल तर अख्खा गेम परत घ्यावा लागला, त्यात नवीन पात्रं आणि नवीन सेमिस्टर होतं. अशी सवय असलेल्या कंपनीचा गेम असेल आणि घाई नसेल तर थांबा. विचर ३ ची कम्प्लीट आवृत्ती आज घेणारा माणूस दोन्ही मोठे एक्सपान्शन, १६ फुकटचे छोटे डीएलसी आणि इतक्या वर्षांचे पॅच एकत्र घेतो.

तिसरा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही, थांबून उपयोगच नाही असे गेम. निन्टेंडोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं जवळपास त्याच किमतीला असतात, ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ चा आहे, तरी त्याची किंमत बाकीच्या जुन्या गेमसारखी कधी कोसळली नाही, थोडीफार सूट लागते तेवढीच. फॅक्टोरिओवाल्यांनी तर उघड सांगून टाकलंय की आम्ही सेल लावणारच नाही, उलट जानेवारी २०२३ मधे त्यांनी किंमत वाढवली. अशा ठिकाणी "सेलला घेऊ" म्हणणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. प्राइस हिस्टरी बघायला स्टीमडीबी आणि इज देअर एनी डील या दोन साइट आहेत, तिथे गेमचं नाव टाका, आजवर सगळ्यात कमी किंमत कधी आणि किती होती ते दिसतं, तीस सेकंदांचं काम आहे.

दरवर्षी येणारे स्पोर्ट्स गेम वेगळेच. फुटबॉलवाला ईए स्पोर्ट्स एफसी दर वर्षी सप्टेंबरच्या आसपास नवीन येतो. खेळायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात घ्या म्हणजे वर्षभर तरी मिळेल, नाहीतर चांगल्या सूटची वाट बघा, पण वर्षाच्या मध्यात पूर्ण किमतीला घेणं हा सगळ्यात वाईट सौदा, कारण सहा महिन्यांत ती गर्दी पुढच्या भागाकडे निघून जाते.

आणि फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमबद्दल एक सावधगिरी, गेम कितीही आवडला तरी सर्व्हर तुमच्या हातात नसतो. कॉनकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, दोन आठवडे फक्त, तिथे लोकांना पैसे परत मिळाले म्हणून ठीक. द क्रू हा २०१४ चा रेसिंग गेम, एकट्याने खेळायला पण इंटरनेट लागायचं, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेम कुणालाच सुरू करता येईना. म्हणून ऑनलाइन गेमला पूर्ण किंमत देताना आधी बघा की आत्ता लोक खेळतायत का, स्टीमवर असेल तर स्टीमडीबीवरच खेळाडूंचा आलेख दिसतो, आलेख पहिल्या आठवड्यातच घसरत असेल तर हात आखडता घ्या.

पायरी ३. प्री-ऑर्डर नाही, दोन-तीन दिवस थांबा

डिजिटल गेमचा स्टॉक संपत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुष्कळ पैसे वाचतात. प्री-ऑर्डरला मिळतं काय, तर एखादी तलवार किंवा एखादा ड्रेस, आणि बदल्यात तुम्ही रिव्ह्यू यायच्या आधी पैसे देऊन मोकळे.

सायबरपंक २०७७ चं काय झालं ते नवीन लोकांना माहीत नसतं. १० डिसेंबर २०२० ला गेम आला, त्याआधी रिव्ह्यू आले ते चांगले होते, पण समीक्षकांना फक्त पीसीची कॉपी दिली होती, जुन्या कन्सोलची नाही. पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर तो गेम चालायला तयार नव्हता, सोनीने आठवड्याभरात तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि थेट जून २०२१ मधे परत आणला. पुढे २०२३ चा २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा एक्सपान्शन आल्यावर तो खरंच भारी गेम झाला, आज कुणी विचारलं तर मी घे म्हणूनच सांगेन. नो मॅन्स स्कायचं पण तसंच, २०१६ ला कबूल केलेलं बरंच काही त्यात नव्हतं, मग वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन त्यांनी तो उभा केला. दोन्ही गेम शेवटी चांगले झाले याचा मला मनापासून आनंद आहे, पण ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत दिली त्याला सगळ्यात कमी मिळालं हेही तितकंच खरं.

त्यामुळे रिव्ह्यू बघताना दोन गोष्टी तपासा. रिव्ह्यू कधी आले, रिलीजच्या आधी की बरोबर रिलीजच्या तासाला? कंपनीने शेवटपर्यंत रिव्ह्यू छापायला बंदी ठेवलेली असेल तर सावध व्हा. आणि रिव्ह्यू कुठल्या मशीनवर केलाय, तुमच्याकडे आहे त्याच की दुसऱ्याच? ओपनक्रिटिकवर सगळे एकत्र मिळतात, नुसता आकडा बघू नका, कमी मार्क देणाऱ्याचं कारण वाचा. कधीकधी त्याला जे आवडलं नाही नेमकं तेच तुम्हाला हवं असतं.

पायरी ४. तुमच्या मशीनवर चालतो का

कन्सोलवाल्यांनी डिजिटल फाउंड्रीचा व्हिडिओ शोधावा, फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात, तो किती स्थिर आहे ते ते लोक मोजून दाखवतात. पीसीवाल्यांना जास्त मेहनत आहे. बॅटमॅनच्या आर्कम नाइट गेमचं पीसी व्हर्जन २०१५ मधे इतकं खराब होतं की विक्री थांबवून ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त करत बसावं लागलं, आणि द लास्ट ऑफ अस पार्ट १ मार्च २०२३ ला पीसीवर आला तेव्हा सुरुवातीला शेडर, म्हणजे ग्राफिक्सच्या फाइली, तयार व्हायलाच इतका वेळ जायचा की रिफंडचे दोन तास (ते पायरी ६ मधे येतंय) त्यातच संपत होते. मूळ गेम उत्तम असून पोर्ट, म्हणजे दुसऱ्या मशीनसाठी केलेली आवृत्ती, वाईट असू शकतो हे डोक्यात पक्कं ठेवा.

स्टीमवर "रिसेंट रिव्ह्यू" वेगळे आणि "ऑल रिव्ह्यू" वेगळे दिसतात, रिसेंट बघा, कारण पॅचनंतरची परिस्थिती तिथे कळते. डेमो असेल तर तो आधी खेळाच. फॅक्टोरिओचा डेमो फुकट आहे, ड्रॅगन क्वेस्ट ११ एस चा डेमो साधारण दहा तासांचा आहे आणि तिथला सेव्ह मुख्य गेममधे नेता येतो. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या वेळी कंपनीने रिलीजच्या आधी पीसीवर गेम कसा चालेल ते तपासायचं फुकट बेंचमार्क टूल दिलं होतं, असं काही मिळत असेल तर तुमच्या पीसीवर चालवून बघा, मिनिमम रिक्वायरमेंटच्या यादीवर अवलंबून राहू नका, मिनिमम म्हणजे कसाबसा चालेल एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ५. साधी एडिशन घ्या

स्टँडर्ड, डिलक्स, अल्टिमेट असे तीन बॉक्स शेजारी शेजारी दिसतात आणि मधला बघून वाटतं की थोड्याच पैशात जास्त मिळतंय. बहुतेक वेळा जास्त म्हणजे कपडे, डिजिटल आर्टबुक, नाहीतर तीन दिवस आधी खेळायला मिळणं. कथेचा डीएलसी अजून बनलेलाच नसताना सीझन पासचे, म्हणजे पुढच्या डीएलसीचे आगाऊ, पैसे देऊ नका, तो येईल तेव्हा घ्या, गेम आवडला असेल तर आनंदाने घ्याल.

पूर्ण किंमत घेऊन वर आत अजून दुकान उघडलेलं असेल तर तो गेम पूर्ण किमतीचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बाल्डर्स गेट ३ मधे आत एक पैसा मागत नाहीत, उलट रिलीजनंतर फुकट पॅच देत राहिले, एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमधे १२ नवीन सबक्लास, म्हणजे पात्रांचे उपप्रकार, आले. रेसिडेंट ईव्हिल ४ च्या रिमेकमधे मर्सिनरीज मोड फुकट आला, पण त्याच दिवशी शस्त्रं अपग्रेड करायची तिकिटं पैशाला विकायला ठेवली, म्हणजे चांगले गेम पण हे करतात, डोळे उघडे ठेवा.

इथेच सबस्क्रिप्शनचं पण बघून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या स्टुडिओचे बहुतेक गेम पहिल्या दिवसापासून गेम पास या त्यांच्या सबस्क्रिप्शनच्या वरच्या प्लॅनमधे येतात, बाहेरचे पण येतात, एक्सपिडिशन ३३ एप्रिल २०२५ ला तसाच आला होता. तुमच्याकडे प्लॅन आधीच चालू असेल आणि तुम्ही तोच गेम विकत घेतला तर पैसे दोनदा गेले.

डिस्क की डिजिटल? कन्सोलला डिस्क ड्राइव्ह असेल आणि गेम एकदाच खेळायचा प्रकारातला असेल तर डिस्क घ्या, संपला की विकता येतो, मित्राला देता येतो, म्हणजे पूर्ण किंमत दिसते तेवढी राहतच नाही. रोज थोडा थोडा खेळायचा गेम डिजिटल बरा. स्विच २ घेतलेल्यांनी बॉक्सवर नीट बघावं, काही कार्ड फक्त किल्ली असतात, गेम सगळा डाउनलोडच करावा लागतो.

पायरी ६. घेतल्यावर पहिले दोन तास

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो, एपिकवर पण साधारण हाच नियम, जीओजीवर ३० दिवस. स्टीमवर रिलीजच्या आधीच्या अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्सेस दिवसांत खेळलेला वेळ पण आता त्या दोन तासांत धरतात, डिलक्सवाल्यांनी लक्षात ठेवा. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत पण डाउनलोड सुरू केलात की विषय संपला, त्यामुळे कन्सोलवर जो काय अभ्यास करायचा तो खरेदीच्या आधी.

म्हणून पीसीवर ते दोन तास वाया घालवू नका. गेम लावून जेवायला जाऊ नका, घड्याळ चालू असतं. पात्राचा चेहरा बनवण्यात तास घालवू नका, साधं पात्र घेऊन पुढे जा, ग्राफिक्स सेटिंग लावा, पहिली लढाई खेळा, गर्दीच्या जागी जाऊन फ्रेमरेट बघा, कंट्रोलर हातात नीट बसतोय का बघा. दीड तास झाला की थांबून स्वतःला विचारा की उद्या परत उघडावासा वाटतोय का, आणि नसेल तर रिफंड मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तुमचा हक्क आहे तो.

आता नावं, कारण सगळे तेच विचारतात

बाल्डर्स गेट ३, जर तुम्हाला वाचायला, बोलायला, विचार करून चाल करायला आवडत असेल तर. दोघांना एकाच टीव्हीवर स्प्लिट स्क्रीनमधे खेळता येतो आणि तुमच्या निर्णयाने कथा इतकी बदलते की दुसऱ्यांदा खेळताना वेगळाच गेम वाटतो. पळापळ आणि नेमबाजी हवी असेल तर मात्र हा तुमचा गेम नाही, कितीही बक्षिसं मिळाली असली तरी.

इट टेक्स टू किंवा त्याच टीमचा स्प्लिट फिक्शन, घरात नाहीतर ऑनलाइन दुसरा माणूस असेल तर. दोन्ही एकट्याने खेळताच येत नाहीत. पण ऑनलाइन खेळताना एकानेच घ्यायचा, दुसऱ्याला फ्रेंड्स पास फुकट मिळतो, म्हणजे किंमत आपोआप अर्धी. नवरा-बायको, भाऊ-बहीण, कुणीही, ज्याने कधी कंट्रोलर धरला नाही त्याला गेमिंगमधे आणायला यापेक्षा चांगली सुरुवात माझ्या माहितीत नाही.

स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोन या एका माणसाने बनवला, २०१६ पासून मोठमोठे अपडेट फुकट देतोय, २०२४ चा १.६ पण फुकटच होता. यावर सेल लागतो, पण मूळ किंमतच इतकी साधी आहे की वाट बघण्यात अर्थ नाही.

एल्डन रिंग घ्यायचा असेल तर तो कठीण आहे हे मान्य करून घ्या. पहिल्या मोठ्या बॉसला बरेच लोक वीस-तीस वेळा मरतात. तेव्हा त्याच्याशी डोकं आपटत बसू नका, बाजूने निघून जा, दक्षिणेकडचा भाग फिरून या, ताकद वाढवून परत या. गेम मुद्दाम तसाच बनवलाय.

आणि आउटर वाइल्ड्स. २०१९ चा छोट्या टीमचा गेम, एक लहानसं सूर्यमंडळ, एक लाकडी यान आणि २२ मिनिटं. ताकद वाढत नाही, हत्यार मिळत नाही, तुम्हाला जे कळतं तेवढंच तुमचं, त्यामुळे हा पहिल्यांदा फक्त एकदाच खेळता येतो. म्हणूनच याच्यासाठी सेलची वाट बघू नका, तोवर कुणीतरी काहीतरी सांगून टाकेल. ट्रेलर बघू नका, रिव्ह्यू पण वरवरच वाचा, पीसीवर कंट्रोलर असेल तर तोच लावा, उडवायला सोपं जातं. कुठे अडकलात तर गाइड शोधायच्या आधी यानातला शिप लॉग उघडा, जिथे अजून काही सापडायचं बाकी आहे तिथे तो स्वतःच तशी खूण करून ठेवतो.